राजासॉरसचं बोरन्हाण

ऐका ना, एक गोष्ट आधीच क्लिअर करते. लहान मुलांना डायनासोर शिकवायचे असतील तर अख्ख्या भोपाळमध्ये माझा हात धरणारं कोणी नाही! फुशारकी नाही मारत, फॅक्ट आहे! म्हणजे होती. गेल्या रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांपर्यंत तर शंभर टक्के होती!

मी ऋतुजा. जिऑलॉजीत एम.एस्सी. करते, पहिलं वर्ष. माझ्या मैत्रिणींच्या पर्समध्ये लिपस्टिक असते, माझ्या पर्समध्ये भिंग, ब्रश आणि किमान एक दगड असतो. दर रविवारी सकाळी अरेरा कॉलोनीतल्या आमच्या गच्चीवर माझी डायनासोरची शाळा भरते. विद्यार्थी चार. माझी भाची शमिका, शेजारच्या नेहावहिनींचा गौरांग आणि मागच्या गल्लीतले तिवारी आंटींचे जुळे. सगळे पाचच्या आसपासचे. यांना बुटाची लेस बांधता येत नाही, पण 'टायटॅनोसॉरस' म्हणताना जीभ एकदा अडखळेल तर शपथ!

त्यातला गौरांग सगळ्यात आज्ञाधारक. घरी म्हणे क्षणभर टिकत नाही, पण मी 'बस' म्हटलं की बसतो आणि 'ऊठ' म्हणेपर्यंत उठत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माझं दुखणं सांगते. फेब्रुवारीत आमच्या डिपार्टमेंटचा कॅम्प आहे. नर्मदेच्या खोऱ्यात, पंधरा दिवस, तंबूत राहायचं आणि डायनासोरची अंडी शोधायची! खरीखुरी! यार, मी पाचवीत असल्यापासून या पंधरा दिवसांची वाट बघतेय! फक्त एक अडचण. फॉर्मवर आईची सही.

"तंबूत? पंधरा दिवस? दगडांसाठी?" आईने फॉर्म असा धरला होता जसा काही त्याला वास येतोय. "घरात कमी दगड आहेत का? परवा तुझा एक दगड मी आलं समजून किसायला घेतला!"

मग पुष्कळ रडारड, अबोला, एक वेळचं जेवण सोडणं (एकच वेळचं, त्या दिवशी पालक होता) आणि शेवटी आई पाघळली.

"शमिकाचं बोरन्हाण तू नीट पार पाड. मग सही करते."

हे काम आईने का ढकललं, माहितीये? कारण शमिकाचं बोरन्हाण म्हणजे आमच्या घरातला रखडलेला उड्डाणपूल! पाच वर्षांपर्यंतच करतात ना ते? पहिल्या संक्रांतीला दादाची बदली. दुसऱ्या संक्रांतीला कांजिण्या. तिसऱ्या संक्रांतीला सुतक. चौथ्या संक्रांतीला सगळं जमून आलं, तर बाईसाहेबांनी अंगावरचे हलव्याचे दागिने पाहुणे यायच्या आत खाऊन टाकले! मुकुटापासून सुरुवात करून वाकीपर्यंत! आणि ही पाचवी आणि शेवटची, कारण फेब्रुवारीत तिला पाच पूर्ण. यंदा संक्रांतीच्या दिवशी तिने "टोचतं!" म्हणून जो भोंगा लावला तो थेट रथसप्तमी तोंडावर येईपर्यंत. रथसप्तमी म्हणजे शेवटचा दिवस. त्यानंतर बोरन्हाण नाही. तो दिवस रविवारी आला होता.

"दागिने घालायला तयार कर तिला," सुप्रियावहिनी म्हणाली. वहिनी शमिकाची आई, माहेर पुण्याचं, तिचं सगळं यादी करून चालतं. "मी हरले."

मी शमिकाला कोपऱ्यात घेतलं. "शमू, तू राजासॉरस होशील?"

तिचे डोळे हे एवढे झाले. राजासॉरस म्हणजे आपल्याकडचा, नर्मदेकाठचा डायनासोर. कपाळावर शिंग, त्याचा थाट राजासारखा. "मुकुट असेल?"

"हलव्याचा!"

"शेपूट?"

"तुझ्यापेक्षा लांब!"

बघितलं? दोन मिनिटं! जे काम अख्ख्या घराला आठवडाभरात जमलं नव्हतं! संक्रांतीला कपडे काळेच लागतात, तर डायनासोर काळा. आई खूश, वहिनी खूश, शमिका तर इतकी खूश की माझ्या हाताला कडकडून चावली. मी जवाहर चौकात टेलरचाचांकडे चित्र घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, चित्र उलटं धरलं आणि अस्सल भोपाळीत विचारलं.

"को खां, ये मगरमच्छ है के छिपकली?"

"चाचा, डायनासोर! दुल्हन जैसा सजाना है, ऊपर से मोती भी लगेंगे!"

"छिपकली की शादी है?" असं म्हणून त्यांनी माप घेतलं. पण शिवलं काय भारी! शेपटीत अर्धा किलो कापूस! मग गौरांग आणि जुळ्यांनाही तसंच हवं झालं. त्यांना मी काळ्या शाली गुंडाळल्या आणि पाठीवर पुठ्ठ्याचे काटे चिकटवले. माझी अख्खी शाळा बोरन्हाणात! त्यामुळे त्या रविवारचा तास रद्द करावा लागला, पण ठीक आहे, असं मला वाटलं.

इथेच चुकलं. कारण त्याच्या आदल्या रविवारचा धडा होता, 'डायनासोर कसे संपले'.

आणि तो धडा मी काय शिकवला होता म्हणून सांगू! परातीत कणकेचे डोंगर, त्यात रबरी डायनासोर चरतायत. मी पाण्याच्या टाकीवर चढले. "एके दिवशी," मी भुताच्या आवाजात म्हटलं, "आकाशातून काहीतरी पडायला लागलं... आधी बारीक बारीक!" आणि वरून वाटाणे सोडले. "मग थोडं मोठं!" शेंगा सोडल्या. "आणि मग... उल्का!" बटाटा! धडाम! कणीक उडाली, डायनासोर उताणे, जुळ्यांपैकी एक पूर्ण पांढरा!

"सब मर गये?" पांढऱ्याने विचारलं.

"सगळे! फक्त बिळात लपलेले छोटे प्राणी वाचले. आणि मेलेले डायनासोर गप्प पडून राहिले, साडेसहा कोटी वर्षं. त्यांचे झाले फॉसिल! मग माझ्यासारखी माणसं आली आणि ब्रशने हळूहळू त्यांना साफ केलं."

गच्चीवर अशी शांतता पसरली की काय सांगू. मला वाटलं, हा आदर आहे. तो आदर नव्हता हो!

तर रविवार. दुपारचे चार. हॉलमध्ये पंचवीसेक बायका, वहिनीची रांगोळी, चौरंग, पाट. इथल्या मराठी मंडळातल्या जुन्या मालतीकाकू सूत्रधार. काकू ग्वाल्हेरच्या, आणि भोपाळातल्या कुठल्याही मराठी घरात मुंज असो की मंगळागौर, काकूंनी मान डोलावल्याशिवाय पान हलत नाही. पहिल्या रांगेत चार इमली या साहेबलोकांच्या वस्तीतल्या मॅडम, म्हणजे दादाच्या साहेबांच्या पत्नी. हिंदीभाषिक, बोरन्हाण पहिल्यांदाच बघत होत्या, मोबाईल सरसावून.

राजासॉरस आला! काळा पोशाख, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार, दंडावर वाक्या, मागे सव्वा मीटर शेपूट. बायकांनी असा "अगं बाईऽऽ!" केला की मला आतून गुदगुल्या झाल्या. आईने माझ्याकडे बघितलं आणि, खरं सांगते, हसली! फॉर्म देवघरात पंचांगाखाली ठेवला होता. मला तो इथूनच सही झालेला दिसायला लागला.

शमिका पाटावर बसली. बाकी तीन डायनासोर बाजूला. औक्षण झालं. तिळगूळ झाला. एक हूं नाही की चूं नाही! आणि मग मालतीकाकू उठल्या. हातात मोठा वाडगा. त्यात बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, गोळ्या.

"चला गं, ओंजळी भरा सगळ्या जणी!" काकू गरजल्या. "आधी बारीक बारीक टाकू, मग मोठं!"

 हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं...

शमिकाने हळूच वर बघितलं. तिच्या डोक्यावर पंचवीस ओंजळी. आणि त्यातून पडायला लागले चुरमुरे.

"आत्या," ती बारीक आवाजात म्हणाली, "आधी बारीक बारीक."

मग पडली पहिली शेंग.

"उल्काऽऽऽ! पळाऽऽऽ!"

यार, मी चेंगराचेंगरी फक्त टीव्हीवर बघितली होती! शमिका पाटावरून जी सुटली, ती शेपटीने रांगोळी पुसत, कुंकवाची कोयरी उडवत, दोन काकूंच्या मधून थेट गॅलरीकडे! जुळे "बिल! बिल ढूँढ!" ओरडत दिवाणाखाली घुसले. तिथे एकालाच जागा होती, म्हणून दुसरा मालतीकाकूंच्या नऊवारीत घुसायला लागला. "अगं काय करून राहिलाय हा! काढा याला! पकडा कोणी तरी!" काकू गोल गोल फिरतायत, मागे पुठ्ठ्याचे काटे फिरतायत, वाडग्यातली बोरं चारी दिशांना!

आणि गौरांग? गौरांग पळाला नाही. आज्ञाधारक ना! त्याने एकदा वर बघितलं, उसासा टाकला आणि जागच्या जागी आडवा झाला. जीभ बाहेर.

"अगं बाई, पोराला काय झालं!" नेहावहिनी किंचाळली. "बोर अडकलं घशात! पाठीत मारा! पाणी आणा!"

"कांदा हुंगवा!"

"पाय वर धरा!"

चार बायकांनी त्याला उलटा धरला. गौरांग उलट्याचा उलटा, शांतपणे म्हणाला, "काही झालं नाही. मी मेलोय."

नेहावहिनी मटकन खाली बसली. "ऊठ आधी!"

"नाही. मी आता फॉसिल होणार."

"किती वेळ?"

"साडेसहा कोटी वर्षं."

सगळ्या बायकांच्या माना एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. आईची सगळ्यात शेवटी वळली, आणि ती नुसती वळली नाही, वळताना तिचा कडकन आवाज झाला.

चार इमलीच्या मॅडम मात्र भारावल्या होत्या. मोबाईल एक सेकंद खाली नाही! "कितना सुंदर कल्चर है आप लोगों का! और ये बच्चा जो लेटा है, इसको कब उठाते हैं?"

"बाद में, बाद में," वहिनी म्हणाली. तिच्या यादीत याला रकाना नव्हता.

मी गॅलरीत पळाले. शमिका कुठेच नाही! झोपाळ्यामागे नाही, कुंड्यांमागे नाही. आणि मग दिसली शेपूट. कूलरमधून लोंबणारी! आमचा लोखंडी कूलर हिवाळ्यात गॅलरीत पडून असतो, एका बाजूची गवताची जाळी आईने काढून ठेवली होती. त्या भोकातून राजासॉरस आत गेला होता. मुकुटासकट!

"शमू, बाहेर ये गं. ती बोरं आहेत."

आतून आवाज आला. कूलरमधून येतो तसाच, घुमत. "आधी बारीक. मग शेंगा. मग बटाटा."

अक्षर न् अक्षर पाठ! शिक्षिका म्हणून मला भरून आलं, आणि आत्या म्हणून पळून जावंसं वाटलं.

"बटाटा नाहीये, शप्पथ!"

तेवढ्यात मागून मालतीकाकूंना वाटलं आपण मदत करावी. "ये गं बाळा, बाहेर ये! बटाटेवडे केलेत, गरम गरम!"

"बघ! बटाटा आहे!" कूलर थरथरला.

वहिनीने गोळ्या दाखवल्या, नाही. मोबाईल दाखवला, नाही! चार वर्षांत पहिल्यांदा तिने मोबाईल नाकारला! शेपूट ओढून बघितली, तर आतून असा आवाज आला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा उत्तर द्यायला लागला. काकू आकाशाकडे बघत उभ्या. "सूर्य मावळायच्या आत व्हायला हवं बरं! अर्धं टाकलंय, अर्ध्यावर नाही सोडत. आणि उद्यापासून काही नाही."

आई माझ्या कानाशी आली. रागावलेली असती तरी चाललं असतं. पण तिचा आवाज रडवेला होता. "पाच वर्षं गं. पाच वर्षं वाट बघतेय मी. एकदा डोळे भरून बघायचं होतं फक्त."

 तोवर मी फक्त माझ्या फॉर्मचा विचार करत होते.

"सांग ना तिला, ते उल्काबिल्का सगळं खोटं होतं म्हणून!" आई कुजबुजली.

आणि कूलरमधूनही नेमकं तेच आलं. "आत्या, तू शाळेत खोटं सांगितलंस का?"

आता काय म्हणू? एकीकडे आईचे डोळे, दुसरीकडे साडेसहा कोटी वर्षं! हो म्हटलं तर बोरन्हाण होतं, पण ही पोरगी पुन्हा माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवेल? ज्या पोरीने माझ्यावर विश्वास ठेवून कूलरमध्ये उडी मारली, तिला सांगू की सगळं खोटं होतं?

तेवढ्यात फडफड झाली. गॅलरीच्या कठड्यावरून एक कबूतर खाली उतरलं आणि शमिकाच्या शेपटीवरून सांडलेले चुरमुरे टिपायला लागलं. आईचा हात सवयीने झाडूकडे गेला. आईचं आणि कबुतरांचं युद्ध जुनं आहे.

"थांब आई!" मी ओरडले. "शमू! जाळीतून बघ. काय दिसतंय?"

"कबूतर."

"मेलंय?"

"नाही. चुरमुरे खातंय."

"तो डायनासोर आहे!"

जाळीला आतून एक डोळा चिकटला.

"खरं सांगते! सगळे नाही मेले. काही डायनासोरांना पिसं होती, चोच होती, ते वाचले. ते झाले पक्षी! हा पुढचा धडा होता, आपण तो आजसाठी ठेवला होता ना? तो राहिला. चूक माझी. पक्षी म्हणजे डायनासोरच! आणि वरून बोरं पडली तर पक्षी काय करतात?"

कूलरमध्ये खुडबुड झाली. मग, "खातात?"

"मग!"

लगेच पुढची शंका. "म्हणजे आजी डायनासोरला झाडूने मारते?"

"मी कुठे मारते! मी नुसती दाखवते!" आईने झाडू पाठीमागे लपवला.

शेपूट हलली. मुकुट बाहेर आला, हलवा निम्मा गळालेला. मग धुळीने माखलेलं नाक आणि मग दोन डोळे. ते माझ्यावर रोखलेले.

"आधी तुझ्यावर टाका. तू मेली नाहीस तर मग माझ्यावर."

"अगं, मी एकवीस वर्षांची आहे!"

"मग मी जाते परत."

आणि म्हणून, मंडळी, हलव्याचा मुकुट रबरबँडने डोक्याला बांधून, त्या एवढ्याशा पाटावर गुडघे कानाला लावून मी बसले. मालतीकाकूंनी रीतसर औक्षणही केलं. "करायचं तर नीटच करू," म्हणाल्या. मग पंचवीस बायकांनी ओंजळी भरल्या. नेहावहिनीची ओंजळ सगळ्यात मोठी होती आणि त्यात निवडून निवडून उसाचे तुकडे होते! ती टाकत नव्हती हो, ती मारत होती! कपाळावर ठण्ण झालं, डोळ्यांपुढे सगळे ग्रह फिरले, पण मी मेले नाही. मेले असते तर बरं झालं असतं, कारण समोर मॅडमचा मोबाईल होता. "अच्छा, बुआ का भी होता है!"

शमिकाने माझ्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासला. "जिवंत आहे," तिने जाहीर केलं आणि ती पाटावर बसली.

आणि मग झालं बोरन्हाण! काय झालं म्हणून सांगू! जुळे पंख हलवत परत आले, बोरं तोंडाने टिपायला लागले. शमिका पाटावर उभी राहून ओरडतेय, "अजून टाका! मोठी टाका! बटाटा टाका!" बायका हसून हसून वाकल्या. आई दाराच्या चौकटीला टेकून डोळे पुसत होती आणि मालतीकाकूंनी मान डोलावली. खिडकीत सूर्य नुकता खाली सरकत होता.

फक्त गौरांग उठला नाही. नेहावहिनीने वडा दाखवला, तर त्याने पडल्या पडल्या तोंड उघडलं, खाल्ला आणि परत जीभ बाहेर काढली. दुसरा वडा, तेच. शेवटी ती म्हणाली, "पडू दे! जन्मल्यापासून पहिल्यांदा एका जागी आहे!" पाहुण्या त्याला ओलांडून ओलांडून गेल्या. मॅडम जाताना त्याच्या पाया पडल्या.

सगळे गेल्यावर मी कपाळावर बर्फ धरून आईजवळ गेले. हॉलमध्ये चुरमुऱ्यांचा गालिचा, भिंतीवर कुंकवाची शेपटी, गॅलरीत कूलर आडवा, आणि हॉलच्या मधोमध फॉसिल.

"आई," मी म्हटलं. "झालं ना नीट? म्हणजे... शेवटी शेवटी? मग कॅम्प? पंधरा दिवस?"

आईने सगळीकडे नजर फिरवली. भिंतीकडे. कूलरकडे. गौरांगकडे. मग माझ्या टेंगळाकडे.

"पंधरा दिवस? मुळीच नाही."

मी कपाळावरचा बर्फ खाली घेतला.

"पंधरा दिवसांत काय होतंय? चांगली महिनाभर जा!" आणि पंचांगाखालून फॉर्म काढून तिने खर्रकन सही केली.

मी अशी उडी मारली की काय सांगू! आणि उतरले ती नेमकी बोरावर. पाय पुढे, मी मागे, फॉर्म हवेत. धडाम! छताकडे बघत पडले होते, पाठीतून कळा येत होत्या, तेवढ्यात बाजूला एक डोळा उघडला.

"ताई," गौरांग हळूच म्हणाला, "हलू नकोस हं. ब्रशवाली माणसं येईपर्यंत असंच पडायचं असतं."